एलचीची बायको

घनसावंगीतली जुनी माणसं राजदूताला राजदूत म्हणत नसत. निजामाच्या अमलात वाढलेली माणसं ती, त्यांच्या तोंडी शब्द होता एलची. तातेराव साळवे परराष्ट्र खात्यात लागले तेव्हा गावात बातमी फिरली ती अशी, की अप्पाराव साळव्याचं पोरगं एलची झालं. खरं म्हणजे तेव्हा ते वकिलातीतले सगळ्यात धाकटे अधिकारी होते, साहेबांच्या बॅगा वेळेवर पोचल्या की नाही एवढंच त्यांनी बघायचं. पण गावानं त्यांना पहिल्या दिवशीच एलची करून टाकलं होतं. त्यामुळं वीसेक वर्षांनी ते खरोखरच एका अरबी देशात भारताचे राजदूत झाले, तेव्हा गावाला त्यात नवल वाटलं नाही.

ही हकिकत त्यांच्या बायकोची आहे, कांताबाईची.

कांताबाई परतूरची. वडील रेल्वेच्या गँगमध्ये, रुळाखाली खडी भरायच्या कामावर. शाळा चौथीपर्यंत. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी लग्न होऊन ती घनसावंगीला आली, तेव्हा नवरा मुंबईला कॉलेजात होता आणि ती सासऱ्यांबरोबर दुसऱ्यांच्या रानात निंदायला जात होती. पाचेक वर्षांनी तोच नवरा तिला घेऊन रंगूनला गेला. बोटीत ती सगळा वेळ आडवी पडून होती. रंगूनला उतरल्यावर साहेबाच्या बायकोनं इंग्रजीत विचारलं, प्रवास कसा झाला? कांताबाईला एवढंच कळलं की बाई हसून विचारतेय. तीही हसली आणि म्हणाली, "लई उलट्या झाल्या." तातेरावांनी त्याचं इंग्रजी केलं, ते मात्र निराळंच काहीतरी होतं, हे तिला साहेबाच्या बायकोच्या चेहऱ्यावरून समजलं.

इंग्रजी ती तिथंच शिकली, शेजारणींशी बोलून. गावाकडं छप्पन सालानंतर सासऱ्यांनी आणि सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा ही दोघं रंगूनलाच होती. तिथल्या एका विहारात जाऊन, म्हाताऱ्या ब्रह्मी भिक्खूसमोर बसून त्यांनी त्रिशरण म्हटलं.

परदेशातल्या त्या नोकरीत साहेबाच्या बायकोलाही काम असतं, फक्त पगार नसतो. कोण कुणाच्या शेजारी बसवायचा, कुणाला मांस चालत नाही, कोणत्या बाईच्या नवऱ्याची नुकतीच बदली झालीय, म्हणजे तिच्यापुढं घराचा विषय काढायचा नाही, हे सगळं बघावं लागतं. कांताबाईला हे काम जमलं, एवढंच नाही तर आवडलं. माणसाला बोलतं करायची तिला हौसच होती. अरबी देशात असताना कच्छकडच्या एका गलबतावरचे खलाशी तिथल्या सरकारनं पकडून ठेवले. चोरट्या मालाचा संशय होता. तातेराव महिनाभर बंदरखात्याच्या मंत्र्याकडं जाऊन कॉफी पीत राहिले. खलाशांचं नाव काढायचे नाहीत, नुसतं खजुराच्या पिकावर बोलायचे. आत बायकांच्या दालनात कांताबाई मंत्र्याच्या आईजवळ बसायची. घरून नेलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी तिनं त्या म्हातारीला थापून दाखवली. एक दिवस म्हातारीनंच विचारलं, तुला कसली काळजी आहे, सांग. कांताबाईनं सांगितलं, की माझ्या देशाची काही पोरं इथं अडकलीत आणि त्यांच्या आया वाट बघतायत. खलाशी सुटले. दिल्लीला जो अहवाल गेला त्यात कॉफीचा उल्लेख होता, भाकरीचा नव्हता. यावर ती दोघं पुष्कळदा हसली होती.

चौऱ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्यांना दिल्लीला परत बोलावलं. पुढची नेमणूक कुठली याची कांताबाई वाट बघत होती. एके दिवशी तातेराव ऑफिसातून आले, बूट न काढताच बसले आणि म्हणाले, "आता भाहेर जायचं न्हाई. इथंच ऱ्हायचं."

"कोणतं खातं?"

"कुणी इचारलं तर सचिवालयात म्हणायचं."

"आन मी इचारलं तर?"

त्यांनी उठून दार लोटलं. मग त्यांनी तिला एकदाच, थोडक्यात सांगितलं. देशाबाहेर काय शिजतंय याची गुप्त बातमी काढणारं एक खातं होतं. त्याचं प्रमुखपद त्यांना दिलं होतं. पोलिसातल्या माणसापेक्षा बाहेरचे देश बघितलेला माणूस बरा, असं वरच्यांना वाटलं होतं. याची घोषणा होणार नव्हती. गावात सांगायचं नव्हतं, वडलांनासुद्धा नाही.

कांताबाईच्या दृष्टीनं मोठा बदल झाला तो घरात. दारावर शिपाई आला. टेबलावर एक फोन आला, तो तिनं उचलायचा नाही. आणि घरी येणारी माणसं बंद झाली. ज्या परदेशी बायकांशी तिची वर्षानुवर्षांची मैत्री होती, त्यातल्या एकीनं दिल्लीला आल्यावर निरोप पाठवला, तर तातेराव म्हणाले, भेटू नकोस. का, ते सांगितलं नाही. इतकी वर्षं तिचं काम बोलण्याचं होतं, आता गप्प बसण्याचं झालं. ती दुपारभर बागेत बसायची. माळ्याला मेथीचा वाफा कसा करायचा ते सांगायची, आणि मग तोही निघून जायचा.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं गावी आली. गावाला सवय होती ती अशी, की एलची आला म्हणजे लोक जमणार, तो तिकडच्या गमती सांगणार. अप्पारावांनी तर रेडिओ घेतला होता तो खास यासाठी, की एकदा दिल्लीच्या बातम्यांत तातेरावांचं नाव आलं होतं. यावेळी लोकांनी विचारलं, "सायेब, आता कोणत्या मुलखात?"

"दिल्लीतच आहे."

"काय काम?"

"फायली बघतो."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. दोन दिवसांत गावभर झालं, की साळव्याच्या पोराला सरकारनं कोपऱ्यात बसवलं. कुणी म्हणालं चौकशी लागलीय. पुंजाराम नावाचे एक जमीनदार होते, अप्पारावांच्या वयाचे. अप्पारावांनी तरुणपणी त्यांच्याच रानात सालगडी म्हणून काम केलं होतं. त्यांनी येऊन तोंडावर विचारलं, "अप्पा, पोराचं काई बिघडलं का रं? गाडीवर झेंडा बी न्हाई आता."

अप्पाराव म्हणाले, "मला काय ठाव." आणि रेडिओ बंद करून आत गेले. कांताबाई चुलीपाशी होती. खरं काय ते सांगून टाकावं असं तिला वाटलं, पण तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

जूनमध्ये आणीबाणी आली. पावसाळ्यात पोलिसांनी भुजंग गुरुजींना मिसा कायद्याखाली धरून नेलं.

भुजंग गुरुजी म्हणजे घनसावंगीतल्या निम्म्या कर्त्या माणसांचे मास्तर. शेतकरी घरातले, जुने समाजवादी, निजामाच्या तुरुंगातही जाऊन आलेले. तातेराव लहान असताना शाळेच्या व्हरांड्यात बसून आतलं ऐकायचा. गुरुजींनी त्याला हाताला धरून वर्गात आणून बसवला. गावानं दोन महिने पोरं शाळेत पाठवली नाहीत, तर गुरुजींनी एकट्या तातेरावला शिकवलं. पुढं औरंगाबादला मॅट्रिकला त्याची सोय लावली तीही त्यांनीच. गुरुजींना मूलबाळ नव्हतं.

कांताबाई त्या दिवाळीत एकटीच गावी आली, कारण अप्पाराव ओट्यावरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. धाकटा दीर संपत आणि त्याची बायको रानात जात. म्हाताऱ्याजवळ कुणी हवं होतं, म्हणून ती राहिली. एके दिवशी दुपारी दारात सगुणाबाई उभ्या, गुरुजींची बायको. साठी उलटलेल्या. इतक्या वर्षांत त्या वस्तीवर कधी आल्या नव्हत्या.

"कांता, आत येऊ का?" त्या म्हणाल्या.

बसल्यावर त्यांनी सरळ सांगितलं. गुरुजी औरंगाबादच्या जेलात आहेत. दम्यानं बेजार आहेत. भेटायला बरोबर यायला भाऊबंदांतलं कुणी तयार नाही, सगळ्यांना आपलं नाव पोलिसात जाईल याची धास्ती. "तातेरावची नोकरी आता पयल्यासारकी ऱ्हायली न्हाई म्हणत्यात लोक. तरी दिल्लीत वळख तर आसंल. एक शब्द टाकंल का त्यो?"

कांताबाई म्हणाली, "इचारते."

तातेराव डिसेंबरात वडलांना बघायला आले, साध्या जीपमधून, दोन दिवसांसाठी. कांताबाईनं त्यांना घरामागं लिंबाखाली गाठलं.

"गुरुजींचं काय करायचं?"

"ते माझं खातं न्हाई, कांता. मी भाहेरच्या देशांचं बघतो. आतलं दुसरे बघत्यात."

"त्या दुसऱ्याला तुमी वळखता ना?"

"वळखतो. म्हणूनच बोलता येत न्हाई. मी बोललो की म्हणतील, ह्याचे संबंध हायेत. मंग माझं एकट्याचं जात न्हाई, सगळ्या खात्यावर येतं."

"खलाशासाठी महिनाभर कॉफी पेलात. त्ये तर तुमचे कोण बी नव्हते."

"तवा मी एलची व्हतो. बोलणं हेच काम व्हतं."

"आन आता?"

तातेराव वडलांना औषध द्यायचं म्हणून आत गेले. दुसऱ्या दिवशी ते गेले. जाताना वडलांच्या पायाशी थोडा वेळ बसले. गुरुजींच्या घरावरूनच रस्ता होता, पण जीप थांबली नाही. सगुणाबाई दारात उभ्या होत्या, हे कांताबाईला नंतर कळलं.

तिला राग आला होता. पण रागानं काही होणार नव्हतं. चार दिवस तिनं विचार केला. नवऱ्याला शब्द टाकता येत नसेल, तर आपल्याला कुणी मना केलेलं नाही. सांगायचं नाही ते सांगणार नाही, पण म्हाताऱ्या बाईसोबत एसटीत बसायला काय हरकत आहे? संक्रांत झाल्यावर तिनं संपतच्या बायकोला, बेबीनंदाला, सासऱ्यांकडं बघायला सांगितलं आणि सगुणाबाईंच्या दारी जाऊन म्हणाली, "काकू, उद्या जाऊ."

अंबडहून जालना, जालन्याहून औरंगाबाद. सगुणाबाईंनी बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी बांधून घेतली होती. रस्ताभर दोघी फारसं बोलल्या नाहीत. जेलच्या फाटकाशी बाहेर बाकावर बसून राहावं लागलं. मग कारकुनानं नावं विचारली.

"सगुणाबाई. बायको."

"आणि ह्या?"

कांताबाई पुढं झाली. "कांताबाई तातेराव साळवे. घनसावंगी."

"नातं? फक्त जवळच्या नातेवाईकांना भेट आहे."

कांताबाईनं काय बोलायचं ठरवलं नव्हतं. खोटं सांगावं असं तिच्या मनात नव्हतं. तेवढ्यात सगुणाबाई म्हणाल्या, "सून हाय माझी."

कारकुनानं कागदाकडं बघितलं. "आडनाव वेगळं आहे, आजी."

"माझ्या मालकानं वाढवल्याला पोरगा हाय, त्याची ही बायको. आडनाव ज्याचं त्याला. ल्ह्या, सून."

कारकून कंटाळलेला होता की त्याला दया आली, कोण जाणे. त्यानं लिहिलं. कांताबाई सगुणाबाईंकडं बघत राहिली. ज्या बाईच्या घरात तिच्या नवऱ्याची थाळी लहानपणी अंगणाच्या कोपऱ्यात वेगळी ठेवलेली असायची, ती ही बाई.

गुरुजी आले. अंगावरची बंडी सैल झालेली, दाढी वाढलेली. बोलताना मध्येच दम लागायचा. त्यांनी कांताबाईला ओळखलं आणि दचकले.

"तू कशाला आली इथं? तात्या कसा हाय? काय करून राह्यला?"

"बरे हायेत. सचिवालयात हायेत."

गुरुजींनी तिच्याकडं नीट बघितलं. मास्तर माणूस, उत्तर अर्धं आहे हे त्यांना कळलं असावं. पण त्यांनी पुढं विचारलं नाही. म्हणाले, "त्याला सांग, माझ्यासाठी कुणाकडं जाऊ नको म्हणावं. मला माफी मागायची न्हाई, मंग दुसऱ्यानं माझ्याकडून कशाला मागायची?"

"मी काई सांगणार न्हाई," कांताबाई म्हणाली. "तुमी दवा घ्या बराबर."

परत येताना सगुणाबाई एसटीत झोपल्या. त्यांचं डोकं कांताबाईच्या खांद्यावर आलं, तसंच तिनं अंबडपर्यंत राहू दिलं.

त्या भेटीचं पुढं काय झालं ते कांताबाईला फेब्रुवारीच्या शेवटाला समजलं. तातेराव न कळवता गावी आले, या वेळी ट्रंक घेऊन. पंधरा दिवस राहणार म्हणाले. वडलांना एवढा आनंद झाला की ते काठी घेऊन उठून बसले. संध्याकाळी घरामागं त्याच लिंबाखाली तातेरावांनी बायकोला सांगितलं.

"तुझं नाव माझ्यापतूर आलं."

जेलात भेटायला कोण येतं याची माहिती वर जायची. दिल्लीत त्यांच्याच दर्जाचा, दुसऱ्या खात्यातला एक अधिकारी त्यांच्याकडं चहाला आला होता. भला माणूस. त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, साळवे, तुमच्या गावी तुमच्याच नावाचा दुसरा कुणी आहे का? असेल तर तसं सांगा, मी तेवढं नोंदवतो आणि विषय संपतो.

"मंग?" कांताबाईनं विचारलं. "काय म्हणालात?"

"म्हणालो, दुसरा कुणी न्हाई. माझीच बायको हाय."

"आन नातं?"

"त्यानं ते बी इचारलं. सून कशी काय? म्हणालो, ल्हिलंय ते बराबर ल्हिलंय."

तातेराव पायाखालची काटकी बोटांत घेऊन मोडत होते.

"रजेवर जा म्हणाले. खुर्ची घेतली न्हाई. पण कागद यायचे बंद झाले. मी तिथं बसलो तरी तेच आन इथं बसलो तरी तेच."

"माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं न्हाई. डिसेंबरात मी स्वतःच बोलायला पायजे व्हतं. तवा बोललो असतो तर निदान म्या ठरवून बोललो असं झालं असतं."

ते पंधरा दिवस बरे गेले. सांगणार नाही म्हणाली होती, तरी गुरुजींचा निरोप कांताबाईनं त्यांना सांगून टाकला. तातेराव वडलांना उचलून उन्हात बसवायचे, त्यांची दाढी करायचे. गावातले लोक म्हणाले, बघा, आता तर घरीच बसवला. कुणी विचारलंच तर तातेराव हसायचे.

चैत्रात अप्पाराव खंगत गेले. तातेराव तेव्हा दिल्लीला परतले होते. एका सकाळी पेज भरवताना अप्पारावांनी कांताबाईचा हात धरला.

"पोरी, खरं सांग. पोराची नोकरी गेली का?"

"न्हाई, मामंजी."

"मंग त्याला कोपऱ्यात बसवलं?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

"मंग करतो तरी काय त्यो?"

"ते सांगायची परवानगी न्हाई."

म्हाताऱ्यानं आढ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "आसं हाय का. मंग मोठंच आसंल काईतरी." आणि उरलेली पेज संपवली. आठवड्याभरात ते गेले. मातीला तातेराव पोचले ते उशिरा, मनमाडला गाडी चुकल्यामुळं. परत जाताना कांताबाईही त्यांच्याबरोबर दिल्लीला गेली.

त्याच सालच्या पावसाळ्याअखेर गुरुजी सुटले. प्रकृतीच्या कारणावरून सोडलं असं कागदावर होतं. त्यात त्या भल्या अधिकाऱ्याचा हात होता, की जेलच्या डॉक्टरचा, की नुसतीच त्यांची पाळी आली होती, हे कांताबाईला कधी समजलं नाही. तातेरावांना ठाऊक असलंच तर त्यांनी सांगितलं नाही.

सत्त्याहत्तरच्या निवडणुका झाल्या, सरकार बदललं. नव्या सरकारनं मोठमोठ्या जागांवरची माणसं हलवली आणि पहिल्यांदाच त्यांची नावं पेपरात आली. गावात पेपर यायचा तो दुपारच्या एसटीनं, हॉटेलवर. त्या दिवशी हॉटेलवाल्यानं बातमी मोठ्यानं वाचली. गुप्तवार्ता खात्याचे प्रमुख टी. ए. साळवे यांना पदावरून दूर केलं, त्यांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली आहे.

महिन्याभरात दोघं सामान घेऊन गावी आली, आणि कांताबाईला गाव निराळंच दिसलं. आजवर ज्यांना वाटत होतं की यांचं सगळं गेलं, तेच लोक आता तिला बघून आवाज खाली आणत. पाण्याला गेली की बायका बाजूला सरत. पुंजाराम मुद्दाम घरी आले आणि दारातूनच म्हणाले, "सायेब, मागं मी काई वाकडं बोललो असंल तर मनावर घेऊ नका. म्हातारपणी जीभ सैल व्हती." तातेरावांनी त्यांना आत बोलावलं, ते आले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे गावात एक बोलणं सुरू झालं होतं. गुरुजींना यानंच आत घातलं. ज्यांनी शिकवलं त्यांनाच. आणि बायको जेलात गेली ती भेटायला नाही, बातमी काढायला.

सगुणाबाईंच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, दोघं जेवायला या.

गुरुजी खाटेवर बसले होते. दमा होताच. तातेराव वाकून पाया पडायला गेल्यावर गुरुजींनी हातानं थांबवलं.

"आधी एक सांग. माझ्यावर पाळत तू ठेवली व्हती का?"

"न्हाई, गुरुजी. ते खातं माझं नव्हतं."

"मला धरणार हे तुला ठाव व्हतं?"

"न्हाई. धरल्यावर कळालं."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुम्हीच कांताजवळ निरोप दिल्ता, की—"

"त्यो मागनं दिला. त्याच्या आधी सहा महिने मी आत व्हतो."

तातेराव खाली बघत होते. कांताबाई भिंतीशी बसली होती. तिला वाटलं, आता हे खात्याचं काहीतरी सांगतील, जबाबदारीचं, शिस्तीचं. जे तिला लिंबाखाली सांगितलं होतं तेच. तिनं मान वळवली. तिला ते पुन्हा ऐकायचं नव्हतं.

"भ्यालो," तातेराव म्हणाले.

"कशाला?"

"खुर्चीला न्हाई. लोक म्हणले असते, बघा, ह्या जातीच्या माणसाला एवढी मोठी जागा दिली, आन आपल्या माणसासाठी लगेच नियम मोडला. माझ्यामागनं येणाऱ्या पोरांच्या वाटा बंद झाल्या असत्या. त्याला भ्यालो."

गुरुजी पुष्कळ वेळ खोकले. सगुणाबाईंनी पाणी आणलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "हे कारण खोटं न्हाई. पण पुरं बी न्हाई. मला राग आल्ता तुझा, तात्या. अजून हाय थोडा. जाईल हळूहळू."

"बराबर हाय," तातेराव म्हणाले.

"आता जेवा."

जेवायला सगळे एकाच पंगतीत बसले. शेंगदाण्याची आमटी, वांग्याचं भरीत आणि भाकरी. गुरुजी आणि तातेराव ऊस यंदा कसा आहे त्यावर बोलले. तातेरावांनी दोनदा आमटी मागून घेतली. कांताबाईला एवढंच जाणवलं, की गेली तीन वर्षं तिच्या छातीत जे अडकून बसलं होतं ते थोडं सैल झालं. सगळं नाही. डिसेंबरातली ती न थांबलेली जीप तिला विसरता येणार नव्हती, आणि तातेरावांनाही ते माहीत होतं.

परतताना चौकात हॉटेलसमोर माणसं बसली होती. पुंजाराम होते, दोन-चार दुकानदार, वस्तीतली तरुण पोरं. ही दोघं जवळ आली तसं बोलणं थांबलं. तातेराव मान खाली घालून पुढं निघाले. कांताबाई थांबली.

"पुंजाराम मामा," ती म्हणाली, "पेपरात आलंय ते खरं हाय. हे त्या खात्याचे मोठे सायेब व्हते. तीन वर्षं व्हते. आमाला सांगायची मनाई व्हती म्हणून सांगितलं न्हाई, मामंजीला बी न्हाई. गुरुजींना यांनी धरलं न्हाई. पण सोडवायला बी गेले न्हाई. दोन्ही खरं हाय. आत्ता आमी त्यांच्याच घरून जेवून आलो. अजून कुणाला काय इचारायचं असंल तर माझ्यासमोर इचारा. मी हुबी हाय."

मग कोपऱ्यातून संपतचा एक दोस्त, मच्छिंद्र, भीत भीत म्हणाला, "वहिनी, त्या खात्यात माणसं भेस बदलून फिरत्यात, हे खरं हाय का?"

लोक हसले. "मला काय ठाव बापा," कांताबाई म्हणाली, "हे तर घरी बी त्याच कोटात यायचे." पुंजारामांनी सरकून बाकावर जागा केली. हॉटेलवाल्यानं न विचारता चहा टाकला. पुढं गेलेले तातेराव मागं वळून बघत रस्त्यात उभे होते. कांताबाईनं त्यांना हातानं खूण केली, की तुम्ही व्हा पुढं, मी येते. आणि ती बसली.